लोणारचे सरोवर व काकांची ट्रंक

गेल्या मार्गशीर्षात लोणारास जाण्याचा योग आला. लोणारास मंडळी जातात ती सरोवर पाहावयास. आम्ही गेलो ते एक ट्रंक आणावयास. परंतु तेथवर जाऊन सरोवर न पाहणे म्हणजे पंढरीस जाऊन विठोबाचे दर्शन न घेण्यासारखेच होय. तेव्हा दोन्ही कामे केली, आणि आता एकाविषयी लिहू जाता दुसरे आपोआप पुढे येते. वाचकांनी हा दुहेरी मजकूर गोड करून घ्यावा.

बरोबर सौभाग्यवती होत्या आणि थोरल्या बंधूंची कन्या होती. तिने ध्वनितंत्राचे शिक्षण घेतले असल्यामुळे ह्या मोहिमेचे पुढारीपण साहजिकच तिच्याकडे होते. पुण्याहून निघून आम्ही जालन्यास मुक्काम केला व दुसरे दिवशी सकाळी सिंदखेडराजावरून पुढे गेलो. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर. लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा दरवाजा पाहून हात आपोआप जोडले जातात. तेथून पुढे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख लागतो. तुरी शेंगांनी लवल्या होत्या, कपाशीची वेचणी चालली होती, आणि पुढे कोठे पृथ्वीला भले थोरले भगदाड पडलेले असेल अशी पुसट शंकाही ह्या वाटेने येत नाही.

म्हणूनच ते एकाएकी समोर आले म्हणजे बोलणे थांबते. गावाच्या कडेस थोडासा चढ चढावा, आणि पायांखालची जमीन संपावी! सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वाटोळे विवर, काठापासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल, उतारावर दाट झाडी, आणि तळाशी ते निश्चल, हिरवट पाणी. बाभळींत मोर ओरडत होते. बाकी सर्वत्र अशी शांतता की, आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा.

स्थलपुराण सांगते की, लवणासुर नामक दैत्य येथील बिळात राहात असे. भगवान विष्णूंनी दैत्यसूदनाचे रूप घेऊन बिळावरील झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले व त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे हेमाडपंती मंदिर ह्याच कथेचे स्मारक असून त्याच्या भिंतींवरील व छतावरील कोरीव काम पाहता पाहता मान दुखू लागते, पण डोळे तृप्त होत नाहीत. सी. जे. ई. अलेक्झांडर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली ह्या विवराची नोंद केली. पुढे पुष्कळ दिवस हे ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७३ साली भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांचे संशोधन प्रसिद्ध झाले. तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच होणारी विशिष्ट काच सापडली, आणि हा उल्कापाताचा खळगा आहे, तोही काळ्या बेसाल्ट खडकात झालेला, हे सिद्ध झाले. त्याचे वय पूर्वी सुमारे पन्नास हजार वर्षे मानीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे ते सुमारे पावणेसहा लाख वर्षे आहे.

काठावरच्या धारातीर्थाचे गोड पाणी बारमाही वाहते, आणि खाली सरोवराचे पाणी मात्र खारट व अतिशय क्षारयुक्त. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष इकडे वेधले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. त्याच वर्षी रामसर पाणस्थळांच्या यादीत लोणारचे नाव गेले. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटली ती निराळीच गोष्ट. शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा स्तंभ काढला आणि त्याच्या थरांवरून गेल्या अकरा हजार वर्षांतील पाऊसपाणी वाचले. कोणत्या काळी सुकाळ, कोणत्या काळी पिढ्यान् पिढ्यांचा दुष्काळ, हे सारे त्या चिखलात जसेच्या तसे नोंदलेले होते. कोणी ढवळले नाही, म्हणून वाचता आले.

आता आमच्या ट्रंकेकडे वळतो.

माझे चुलते मुंबईस सरकारी कचेरीत कारकून होते. पगार बेताचा, संसार मोठा. परंतु गाण्याचा नाद असा की, १९६४ साली त्यांनी जर्मन बनावटीचा जुना टेपरेकॉर्डर हप्त्याहप्त्याने घेतला. घरात त्यावरून बोलणी बसली, ती त्यांनी निमूटपणे ऐकून घेतली. गिरगावात, दादरला, पुण्यास संगीत मंडळाची वा कोणाच्या दिवाणखान्यातील बैठक असली की, ते यंत्र खांद्याला लावून हे निघावयाचे. १९७९ साली निवृत्त होऊन लोणारास वडिलोपार्जित घरी आले, तेव्हा स्पूलची जागा कॅसेटींनी घेतली होती. मग येथील कीर्तने, नवरात्रातील कमळजादेवीपुढील आरत्या, मुंजीतील मंगलाष्टके असा त्यांचा संग्रह वाढत राहिला. काका गेल्यास आता बरीच वर्षे झाली. काकूंनीही यंदा लोणारचे घर आवरून मुलाकडे जाण्याचे ठरविले. मुलाचे पत्र आले की, जागा थोडी आहे. ट्रंक भंगारवाल्यास द्यावी. ते पत्र वाचून पुतणी म्हणाली, "काका, आपण आजच्या आज निघू."

माजघराच्या जाड मातीच्या भिंतीशी ती लोखंडी ट्रंक होती. झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट दर्प आला. सौभाग्यवतींस वाटले, लोणच्याची बरणी फुटली! आत ४१ स्पूल आणि १३० कॅसेटी होत्या, आणि प्रत्येकीवर काकांच्या सुवाच्य अक्षरात तारीख, स्थळ, राग, साथीदार, यंत्राचा वेग. कोठे "वीज गेली, ७ मि. खंड", कोठे "पाऊस फार", तर एका स्पूलवर "तिसऱ्या रांगेतील गृहस्थ खोकतात" असेही लिहिलेले.

कोणी विचारील की, बाजारात उत्तम ध्वनिमुद्रिका मिळत असता ह्या खोकल्याच्या फिती कशास जपाव्यात? त्याचे उत्तर आपल्या संगीताच्या इतिहासातच आहे. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने गोहरजान हिचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून पन्नासेक वर्षे तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे. जो ख्याल मैफलीत पाऊण तास उलगडावयाचा, तो तेवढ्यात कोंबावा लागे. केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती देखील साडेतीन मिनिटांचीच. आणि ज्यांनी तबकडी दिलीच नाही त्यांचे काय? अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली. दोघांचाही आवाज आज कोठे ऐकावयास मिळत नाही. केवढे गाणे होते ते आपण केवळ शिष्यांच्या तोंडून जाणतो.

घरगुती यंत्र आले तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत. सेकंदास पावणेचार इंच ह्या वेगाने एका बाजूस तासाभराचे गाणे मावते. मग तंबोरे जुळतात तेही येते, बुवा तबलजीस "जरा चढवा" म्हणतात तेही येते, समेवर श्रोत्यांची दाद उसळते तीही येते. कंपनी गाण्याची निवडक फुले तोडून देते. श्रोत्याची फीत सारी बागच दाखविते, तीत पाचोळाही असावयाचाच.

हे वेड आपल्याकडचेच आहे असे मात्र नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन ह्याने १९०१ ते १९०३ ह्या काळात चालू प्रयोगातच एडिसनच्या यंत्रावर मेणाच्या नळ्या भरल्या. खरखर एवढी की, गाणे जणू वादळापलीकडून येते. तथापि झां द रेझ्के ह्या विख्यात गायकाचा आवाज आज ऐकू येतो तो केवळ त्यांतच. १९४७-४८ साली डीन बेनेडेटी ह्या तरुणाने चार्ली पार्कर ह्या सॅक्सोफोनवादकाची वादने अशीच टिपली. ती १९९० साली लोकांपुढे आली. पुढे १९७५ नंतर लंडन-न्यूयॉर्कच्या कोंदट क्लबांतून 'पंक' नावाचे दांडगे, बंडखोर संगीत निपजले. आपल्या कानांस ते मानवेल असे नाही. परंतु ती पोरे अशा ठिकाणी गात की, कोणतीही कंपनी यंत्र घेऊन तेथे जाती ना. त्यांतील कितीएक रात्रींचा पुरावा श्रोत्यांच्या कोटाच्या खिशातील लहानशा यंत्रावरच उरला. शिकागोच्या एका रसिकाने १९८४ पासून अशा दहा हजारांहून अधिक कार्यक्रमांच्या फिती जमविल्या, आणि आज स्वयंसेवक त्या एकेक करून संगणकावर उतरवीत आहेत. हे वाचले तेव्हा मला आमचे काका आठवले. मेहकर-लोणारकडच्या कीर्तनकाराची तबकडी काढावयास तरी कोणती कंपनी आली असती?

फितीचे आयुष्य मात्र माणसाहूनही थोडे. जुन्या फिती ॲसिटेटच्या असत. दमटपणा व उष्णता यांनी त्यांतून आम्ल सुटते. तोच तो शिरक्याचा वास. अशी फीत आक्रसते, ठिसूळ होते, आणि एकीचे आम्ल शेजारणीसही बाधते. पुतणीने एकेक स्पूल खिडकीच्या उजेडासमोर धरला. ज्यातून उजेड पाझरे तो ॲसिटेटचा, नाही तो पॉलिएस्टरचा. वासाचे अकरा निघाले. ते तिने लगेच वेगळे केले. पॉलिएस्टरच्या काही फितींचा रोग निराळा असतो. त्यांवरील लेप हवेतील ओल पिऊन चिकट होतो, आणि चालवू जाता यंत्रास चिकटून सोलून निघतो. जाणकार लोक अशी फीत सुमारे पन्नास अंश उष्णतेत काही तास ठेवून एकदाच वाजविण्याजोगी करतात. तो उपाय ॲसिटेटला चालत नाही, आणि घरच्या भट्टीत तर कोणी करूच नये. कॅसेटींत फितीमागची मखमली गादी गळून पडते, किंवा बुरशी धरते. मुंबईच्या हवेत ही ट्रंक राहिली असती तर बुरशीने अर्धे काम केले असते; लोणारच्या कोरड्या हवेने व त्या मातीच्या भिंतीने ती राखली.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे खोटेपणाचे होईल.

कॅसेटीच्या मागच्या कडेस दोन लहान पाकळ्या असतात. त्या मोडून टाकल्या म्हणजे त्या कॅसेटीवर पुन्हा मुद्रण होत नाही. काका आपल्या प्रत्येक कॅसेटीच्या पाकळ्या मोडीत. १९८३ च्या जूनमध्ये वडिलांची बदली व्हावयाची असल्यामुळे आम्ही सर्व लोणारासच होतो. मी अकरा वर्षांचा होतो. २५ जूनच्या रात्री विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला, आणि काकांच्या 'टू-इन-वन'वर समालोचन ऐकता ऐकता मला बुद्धी झाली की, हे जपून ठेवले पाहिजे! कोरी कॅसेट हाताशी नव्हती. मी फडताळातील एक काढली, मोडलेल्या पाकळ्यांच्या भोकांवर डिंकाने कागद चिकटविला आणि बटण दाबले.

त्या कॅसेटीवर १९८१ साली आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त वाड्यात झालेले कीर्तन होते. दुसऱ्या दिवशी काकांनी ते पाहिले. मला ते एक शब्दही बोलले नाहीत. आजी पुढे चार वर्षांनी गेली. त्या गोष्टीचा उच्चार घरात कधी झाला नाही, आणि मीही ती विसरलो असे स्वतःस सांगत आलो.

ट्रंकेतील त्या कॅसेटीवर मूळ मजकुराखाली काकांच्या हातची आणखी एक ओळ होती : "ता. २५-६-८३ रोजी पहिली १९ मि. क्रिकेटने पुसली. ११ मि. शिल्लक." माझे नाव कोठेही नव्हते.

काकूंनी ती ओळ चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "लाव रे बाळ ती. मला ऐकायची आहे."

पुतणीने बरोबर आणलेल्या यंत्राची चुंबकमुखे स्पिरिटने पुसली, कॅसेटीची गादी बदलली आणि फीत लावली. प्रथम ते समालोचन; गर्दीचा गलका, माझाच चिरका आनंदाचा चीत्कार. मग एक खट् असा आवाज, आणि एकाएकी झांजा! बुवा उत्तररंगाच्या अखेरीस आले होते. लवणासुराचे आख्यान चालले होते. येथल्याच दैत्याची कथा येथल्याच माणसांस. मागे पावसाची सर, कोणाचे तरी मूल रडते, पेटीवाल्याचा एक सूर दर वेळी कच्चा लागतो. आरती झाली. आणि अगदी शेवटी, यंत्र बंद होण्यापूर्वी, जवळूनच आजीचा आवाज आला : "बुवा, आता उशीर नका करू. पानं मांडली आहेत."

एवढेच. पानांचे एक वाक्य. छायाचित्रे तिची पुष्कळ आहेत, परंतु आवाज जगात एवढाच उरला आहे. काकू पदराने डोळे पुसून उठल्या आणि खरोखरच स्वयंपाकघरात पाने मांडावयास गेल्या. मी पुतणीस म्हणालो, "ते क्रिकेट कापून टाक." ती म्हणाली, "नाही काका, ते तसंच ठेवायचं. काकाआजोबांनी लिहून ठेवलं आहे, मग आपण कोण पुसणार?" मला उत्तर सुचले नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. काही स्पूलांवर काकांनी "परवानगीने" असे लिहिले होते, आठांवर "नकळत". पूर्वीचे गवई अशा मुद्रणाविषयी कडक असत. केसरबाईंचा करडेपणा तर प्रसिद्धच आहे. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. जन्माची कमाई गळ्यात. ती कोणी गुपचूप पेटीत घालून नेली तर त्यास रसिकता म्हणावे की चोरी? गाणाऱ्याचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम आला व १९९९ साली त्याची मुदत पन्नास वर्षांची झाली. परंतु कायद्याच्या आधी सभ्यता आहे. आम्ही सर्व भावंडांनी विचार करून असे ठरविले की, नष्ट काहीच करावयाचे नाही. मात्र "नकळत" असलेल्या आठ फिती त्या त्या गवयांच्या वारसांस प्रथम प्रत देऊन, त्यांच्या होकारावाचून बाहेर काढावयाच्या नाहीत. म्हणूनच ह्या लेखात एकाही गवयाचे नाव घेतलेले नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे की, आमच्याप्रमाणेच आपणांपैकी कितीएकांच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल. तीत गवई नसतील. आजोबांचे पुराण असेल, आत्याबाईंच्या ओव्या असतील. जात्यावरच्या ओव्यांचे मोल काय असते हे हेमा राईरकर व गी पॉइटवँ ह्या उभयतांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवून महाराष्ट्रास दाखविलेच आहे. तेव्हा हात जोडून थोडक्यात सांगणे एवढेच. आंबट वासाच्या फिती वेगळ्या काढा. कॅसेटीच्या पाकळ्या शाबूत असतील तर त्या आज मोडा. कळकट यंत्रावर हौसेने वाजवू नका; पहिले वाजविणेच कदाचित् शेवटचे ठरेल. जाणत्याकडून संगणकावर घेताना, शक्य तर सेकंदास ९६ हजार नमुने व २४ बिटे ह्या प्रतीने, काहीही न गाळता उतरवून घ्या. खरखर काढावयाची तर ती दुसऱ्या प्रतीवर. तीन प्रती करा, आणि एक दुसऱ्या गावी ठेवा. मूळ फीत व तिची डबी टाकू नका. १९८२ साली स्थापन झालेले व आता गुरुग्रामास असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूटचे संगीत-संग्रहालय किंवा मुंबईची १९९० पासूनची ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था अशी जाणत्यांची ठिकाणे आपल्या देशात आहेत. त्यांचा सल्ला घ्या. आणि सर्वांत आधी, घरातील वडील माणसांजवळ बसून कोणता आवाज कोणाचा हे लिहून काढा. फीत आणखी दहा वर्षे टिकेलही. ते सांगणारे माणूस टिकेलच असे नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंस घेऊन पुन्हा काठावर गेलो. खाली उतरणे त्यांस शक्य नव्हते. त्यांनी वरूनच कमळजादेवीस नमस्कार केला. सूर्य मावळतीस गेला आणि पाण्यावर विवराची सावली हळूहळू पसरली. काकू म्हणाल्या, "ह्यांना ही जागा फार आवडे. म्हणत, येथे काही हरवत नाही, सगळं तळाशी जाऊन बसतं."

दुसरे दिवशी ट्रंक मोटारीत चढविली. काकूंनी वर हळदकुंकू वाहिले आणि मला बजावले, "बाळ, नीट ने. आणि ह्या वेळी काही पुसू नकोस हो."

हसत हसत म्हणाल्या. पण मी "नाही, काकू" असे म्हटले ते हसत नव्हे.